पाणी उतरांदे

नागोजी अण्णांनी अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढले. स्वतःसाठी त्यांनी एकच नकाशा काढला, आणि तो कधीही न पाहिलेल्या किल्ल्याचा. पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा मला हसू आलं होतं. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढं मी जे केलं ते याहून वाईट होतं.

नव्वदीच्या सुरुवातीला मी पुण्याहून बेंगळूरला नोकरीसाठी आलो. इंदिरानगरात एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. कारखान्यांच्या शेडी आणि गोदामं यांची ड्रॉइंग्ज करून द्यायचं काम. मी इंजिनिअर म्हणून लागलो होतो आणि आपल्याला पुष्कळ कळतं अशी माझी समजूत होती. पहिल्याच दिवशी ड्रॉइंगच्या खोलीत शिरलो, तर नकाशांच्या छपाईच्या अमोनियाच्या वासात एक उंच, किडकिडीत, साठीकडे झुकलेले गृहस्थ टेबलावर ओणवे झाले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुमी पुण्याचे का?"

परक्या गावात मराठी कानावर पडल्यावर मला इतकं बरं वाटलं की मी त्यांचं आडनाव विचारलं. ते म्हणाले, "राव." मी म्हटलं, राव हे काही आडनाव नव्हे, मूळ आडनाव काय? त्यांनी रेघ पुरी केली, पेन पुसलं आणि म्हणाले, "मूळ असंल काय तरी. आता राव. सरी, बसा स्वल्प."

बेंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांपैकी त्यांचं घर. राहायला येलहंक्याला, जुन्या गावात. तिथून दोन बस बदलून ते साडेआठच्या ठोक्याला ऑफिसात हजर असत. त्यांच्या मराठीत दर चौथा शब्द कानडी. 'बरं' म्हणायच्या जागी 'सरी', 'पुरे' म्हणायच्या जागी 'साकु', आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक 'अल्ला?' म्हणजे आपलं 'नाही का?'. आम्हा सगळ्या इंजिनिअरांना ते एकाच नावानं हाक मारत, 'इंजिनेर'. त्या हाकेत आदर किती आणि चेष्टा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांच्या सवयी ऑफिसात प्रसिद्ध होत्या. पेन्सिल ते ब्लेडनंच तासत आणि तासलेलं सगळं जुन्या पाकिटात भरून घरी नेत. कशाला, ते कुणी विचारलं नाही. डबा ते जिन्याच्या वरच्या पायरीवर, पश्चिमेकडे तोंड करून खात. पश्चिमेला समोरच्या बंगल्याची पाण्याची टाकी सोडून काही नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आमची आई अशीच बसत होती. तिकडं दर्या हाय म्हणे." बेंगळूरहून पश्चिमेचा दर्या दिवसभराच्या प्रवासावर. पण अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे दिशा तर तीच होती.

कामात त्यांचा एकच कायदा होता. जे ठाऊक नाही ते काढायचं नाही. महादेवपुऱ्याकडे एका जागेचा नकाशा करायचा होता. तिथं तेव्हा बहुतेक शेतंच होती. जागेच्या एका कोपऱ्यात बांबूचं इतकं दाट बेट होतं की आत मोजायला जाता आलं नाही. अण्णांनी तो कोपरा कोरा सोडला. साहेब चिडले. एवढा मोठा कागद, आणि गिऱ्हाइकापुढे ठेवायचा तो भोक पडल्यासारखा? चार झाडं काढून टाका म्हणाले. अण्णा ऐकेनात. शेवटी मालकानं बांबू तोडले तेव्हा आत फुटक्या विटांचा एक ढीग निघाला. अण्णा स्वतः जाऊन ढीग मोजून आले आणि इतक्या मन लावून तो नकाशात काढला की साहेबांनाही हसू आलं.

मला त्यांनी शिकवलेल्या गोष्टींपैकी एकच सांगतो. ड्रॉइंगमध्ये दिसणाऱ्या वस्तूला सलग रेघ आणि झाकलेल्या वस्तूला तुटक रेघ, हे मी कॉलेजात शिकलोच होतो. पण माझ्या एका ड्रॉइंगमध्ये जमिनीखालून जाणाऱ्या नळाची तुटक रेघ मी घाईघाईत कशीतरी मारली होती. अण्णांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "इंजिनेर, दिसत नाही म्हणून कमी हाय का ते? तुटक रेघेला जास्त हात सांभाळायला पाहिजे. ते हाय म्हणून तुमालाच सांगायचं असतं, अल्ला?"

आणि त्यांचं ते वाक्य. कुठलंही काम पुढं ढकलायचं झालं की अण्णा म्हणत, "पाणी उतरांदे, मगे बघू." पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी खरोखर मोरीत जाऊन नळ पाहून आलो. आमच्या भागात पाणी एक दिवसाआड यायचं, तेव्हा त्याच्याशीच काहीतरी संबंध असेल असं मला वाटलं. मी त्यांना अर्थ विचारला. त्यांनी खांदे उडवले. घरात सगळे असंच म्हणत. बहिणीचं लग्न ठरवायचं, फ्रिज घ्यायचा, डॉक्टरकडे जायचं, सगळ्याला हेच. म्हणजे आत्ता नको, नंतर. पाणी कुठलं आणि उतरतं कुठून, ते आईलाही माहीत नव्हतं.

असंच एकदा, जिन्यावर डबा खाताना, त्यांनी मला तो नकाशा दाखवला. ट्रेसिंग पेपरवर शाईनं काढलेला किल्ला. उंच कड्यावर तट, तीन बाजूंना समुद्र, आत विहीर, दोन बुरूज, पडक्या घराचा चौथरा. खाली सुबक अक्षरात 'कातळकोट'. त्यांच्या घराण्यातले लोक म्हणे त्या किल्ल्यावर पहारेकरी होते. मग कधीतरी फौजेबरोबर इकडे आले आणि इकडचेच झाले. आईनं आजीकडून ऐकलेलं, त्यांनी आईकडून ऐकलेलं. बुरुजापासून विहीर किती पावलं, हेसुद्धा आईला पाठ होतं. आईचा पाय केवढा ते मोजून त्यांनी स्केल धरली होती.

"आणि हे काय?" मी विचारलं. किनारा आणि किल्ल्याचा दरवाजा यांच्यामध्ये बोटभर जागा कोरी होती.

"ते आईनं सांगितलं नाही. दरवाजा सांगितला, वाडी सांगितली. मदी काय ते सांगितलं नाही. विसरली असंल."

मला हसू आलं ते तेव्हा. किल्ला हवेत तरंगत होता.

त्या वर्षी गणपतीत मीच त्यांना आमच्या मंडळात ओढून नेलं. मंडळ म्हणजे पुण्या-मुंबईहून आलेली आमच्यासारखी तीस-चाळीस माणसं, एका शाळेचा हॉल आणि वड्याचा घमघमाट. कार्यक्रम होता, प्रत्येकानं आपल्या मूळ गावाबद्दल पाच मिनिटं बोलायचं. अण्णा काळा कोट घालून आले होते. उभे राहिले आणि म्हणाले, "आमचा कोट दर्याकाठी हाय." लोक त्यांच्या अंगातल्या कोटाकडे पाहू लागले. तिथूनच हसण्याला सुरुवात झाली. अण्णांनी नकाशा उघडला, पावलं सांगितली, आई सांगितली. कुणीतरी विचारलं, मग तुम्ही पाहिलात का तो किल्ला? ते म्हणाले, "नाही अजून. घरात म्हणत होते, पाणी उतरांदे, मगे बघू."

मी तेव्हा नुकतं कानडी शिकत होतो आणि ते दाखवायची मला हौस होती. मी बसल्या जागेवरून म्हटलं, "अण्णा, हे मराठी नाहीच. कानडीत 'अंदे' म्हणजे 'म्हटलं'. 'पाणी, उतर' असं मी म्हटलं. समुद्र ऐकतो की काय तुमचं?"

हॉल हसला. चांगला खळखळून हसला. अण्णाही हसले, मग नकाशाची गुंडाळी करून खाली बसले. वडा न खाताच गेले.

दुसऱ्या दिवसापासून ते माझ्याशी मराठीत बोलेनासे झाले. राग नाही, अबोला नाही. कामाचं सगळं बोलत, पण इंग्रजीत. "येस, इंजिनेर. फिनिश्ड, इंजिनेर." दोन महिने हे चाललं. माझी चूक मला पहिल्या दिवशीच कळली होती, पण माफी मागायची कशी ते कळत नव्हतं. शेवटी एका दुपारी मी माझा डबा घेऊन त्यांच्या शेजारी पायरीवर जाऊन बसलो आणि म्हटलं, "अण्णा, चुकलं माझं." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग एकदाचे मराठीत बोलले.

"चूक तुमची नाही. तुमी सांगितलं ते खरं असंल तर? बायको गेली. पोरगी मैसूरला दिली, नातवंडं कानडी बोलतात, चांगलं बोलतात. मराठी बोलायला बहीण होती, ती मागच्या वर्षी गेली. आता घरात मी बोललो तर ते कुणाला कळत नाही. बाहेर बोललो तर तुमी म्हणता ही भाषाच नाही. मग मी एवढी वर्षं काय बोलत होतो, इंजिनेर?"

मी एवढंच विचारलं, "किल्ला बघायला जायचं का?"

ते लगेच हो म्हणाले नाहीत. त्यांची सबब तयार होती, पाणी उतरांदे. पण पुढच्या वर्षभरात ऑफिसात दोन कॉम्प्युटर आले, ड्रॉइंगची टेबलं जिन्याखाली गेली आणि अण्णा निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी साहेबांनी शाल दिली. शाल घडी करून पिशवीत टाकताना ते मला हळूच म्हणाले, "जाऊया. पण एकटा मी जाणार नाही. तिथं काय नसलं तर संगट कोण तरी पाहिजे."

कातळकोट नावाचं काही आहे का, हे शोधणं मला फारसं अवघड गेलं नाही. माझ्या खोलीवर राहणाऱ्या एका मित्राची मावशी वेंगुर्ल्याकडची. तिनं पत्रानं कळवलं की त्या नावाचं एक पडकं ठिकाण आहे, बघण्यासारखं काही नाही, साप मात्र आहेत. अण्णांनी ते पत्र तीनदा वाचून घेतलं. साप आहेत म्हटल्यावर त्यांना जास्त खात्री वाटली.

आम्ही जानेवारीत गेलो. बेळगावहून घाट उतरून, तीन एसट्या बदलून, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास वाडीच्या टोकाला पोचलो. नारळीची झाडं संपली आणि समोर तो दिसला. काळा कडा, त्यावर तांबूस चिऱ्याचे पडके तट, तटातून वाढलेले वड. खालून लाटा येऊन आपटत होत्या. अण्णांनी चपला काढल्या.

पण जायला वाट नव्हती. किनारा आणि कडा यांच्यामध्ये समुद्र होता. शंभर-सव्वाशे पावलांचं अंतर, हिरवं-काळं पाणी, मध्येच एखादी फेसाळ लाट. दरवाजाची कमान समोर स्पष्ट दिसत होती. अण्णांनी पिशवीतून नकाशा काढून गुडघ्यावर उलगडला. दरवाजा जागेवर होता, वाडी जागेवर होती. आणि मध्ये, बरोबर त्या पाण्याच्या जागी, ती बोटभर कोरी जागा.

"पूल असंल पूर्वी," ते म्हणाले. "पडला असंल. आई विसरली नव्हती. पूल पडल्यावर काय सांगणार?" ते उठून उभे राहिले. "साकु, इंजिनेर. दिसला तेवढा पुरे. जाऊया परत."

आता हे कोकणातल्या शेंबड्या पोराला सांगितलं तर ते हसेल. आम्ही दोघंही भरती-ओहोटी हे शब्द शाळेत पाठ केलेली माणसं. एक पुण्याचा, एक बेंगळूरचा. समोरचं पाणी दिवसातून दोनदा हलतं, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मी तर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात शिरलो. चार पावलांत पाणी मांडीला लागलं आणि पायाखालचा खडक निसटला.

जवळच एका दगडावर एक म्हातारी बसली होती. कालवं काढणारी असावी. शेजारी टोपली, हातात छोटा कोयता, पदर डोक्यावरून घेतलेला. ती बहुतेक मघापासून आमचा खेळ पाहत होती. मी दुसऱ्यांदा पाय टाकतोय असं दिसल्यावर ती वैतागून, आमच्याकडे न बघताच म्हणाली,

"भरती आसा रे आता. पाणी उतरांदे, मगे बघू."

मी पाण्यातच थांबलो. मागं वळून पाहिलं तर अण्णा उभे होते आणि त्यांच्या हातातला नकाशा वाऱ्यानं फडफडत होता. ते म्हातारीपाशी गेले.

"काय म्हणालात?"

तिला वाटलं याला ऐकू कमी येतं. तिनं मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "पाणी. उतरांदे. मगे बघू. दुपारी वाट उघडता. आमी पण तेकाच थांबलाव."

अण्णा खाली वाळूत बसले आणि रडू लागले. तोंडावर हात न घेता, सरळ समोर समुद्राकडे बघत. म्हातारी घाबरली. तिनं मला विचारलं काय झालं. माझ्या मनात शाळेचा तो हॉल होता, आणि माझाच आवाज, 'हे मराठी नाहीच'.

थोड्या वेळानं म्हातारीनंच विचारलं, "खंयसून इलात?"

"बेंगळूरहून."

तिनं ते गाव ऐकलं नव्हतं. लांब आहे का, एसटी जाते का, असं विचारून झालं. मग तिनं विचारलं, "थंय आमचीच भाषा बोलतत?"

अण्णांनी डोळे पुसले. "बोलतो," ते म्हणाले. "मी बोलतो."

दुपारी दीडच्या सुमारास पाणी खरोखरच उतरलं. आधी एक खडक वर आला, मग दुसरा, मग शेवाळानं माखलेली ओळच्या ओळ, आणि पाहता पाहता किनाऱ्यापासून दरवाजापर्यंत ओली वाट तयार झाली. म्हातारी टोपली घेऊन पुढं गेली. अण्णा चपला हातात घेऊन तिच्या मागून, आणि मी सगळ्यात शेवटी. कमानीपाशी मी थांबलो. त्यांना एकट्यालाच आत जाऊ द्यावं असं मला वाटलं.

आत तसं काहीच नव्हतं. मावशींनी कळवलं ते बरोबरच होतं. मी नंतर गेलो तेव्हा झुडपं, ढासळलेले चिरे आणि एक बुजलेली विहीर दिसली. बुरुजापासून विहिरीपर्यंत अण्णा पावलं मोजत चालत होते. आईचं गणित अकरा पावलांनी चुकलं होतं. त्यांनी ते तिथंच पेन्सिलीनं दुरुस्त केलं. दक्षिणेचा बुरूज मात्र त्यांनी नकाशात पूर्वेला काढला होता. "आई डावखुरी होती," ते म्हणाले. त्याचा इथं काय संबंध ते मी विचारलं नाही.

पाणी पुन्हा चढायच्या आत आम्ही किनाऱ्यावर आलो. अण्णांनी ट्रेसिंग पेपर दगडावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार शिंपले ठेवले आणि त्या कोऱ्या जागेत पेन्सिल टेकवली. वाडीपासून दरवाजापर्यंत त्यांनी तुटक रेघ काढली. प्रत्येक तुकडा सारख्या लांबीचा, मधली प्रत्येक फट सारखी. वारा होता, वय झालं होतं, तरी हात हलला नाही. रेघ पुरी होईपर्यंत ओळीतले अर्धे खडक पाण्याखाली गेले होते.

त्यानंतर आम्ही भेटत होतो, पण पहिल्यासारखं रोज नाही. मी कधी रविवारी येलहंक्याला जायचो. ते ऑफिसातल्यासारखेच घराच्या पायरीवर बसलेले असायचे, पश्चिमेकडे तोंड करून. मला बघून ते मराठीत सुरू व्हायचे आणि जेवण होईपर्यंत थांबायचे नाहीत. आठवड्याचं साठवलेलं सगळं एकदम. मला कधीकधी कंटाळा यायचा, हेही सांगून टाकतो.

मग मला पुण्यात नोकरी लागली. घरच्यांना आनंद झाला, मलाही झाला. निघायच्या आधीच्या रविवारी अण्णांना सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. "सरी. आपलं गाव ते आपलं गाव," म्हणाले, आणि माझ्यासाठी स्वतः कॉफी करून आणली. त्या दिवशी ते फार बोलले नाहीत. मीच बोलत राहिलो. पत्र लिहीन म्हटलं, येत-जात राहीन म्हटलं. उठताना, काहीतरी गोड बोलायचं म्हणून मी म्हणालो, "अण्णा, येत्या जानेवारीत परत कोटावर जाऊ."

ते फाटकापर्यंत आले होते. माझ्याकडे पाहून हसले. "पाणी उतरांदे," म्हणाले, "मगे बघू."

मी रिक्षात बसलो. शेजारची बाई कुंपणावरून डोकावून त्यांना कानडीत विचारत होती, हा कोण, नेहमी येतो तो? रिक्षा सुरू होता होता अण्णांचं उत्तर माझ्या कानावर आलं.

"नम्मोरु," ते म्हणाले. आमचं माणूस.

वळणावर मी मागं पाहिलं तेव्हा बाई आत गेली होती. अण्णा फाटकाला हात लावून तसेच उभे होते. त्या सबंध शहरात त्यांचं 'पाणी उतरांदे' कळणारा मी एकटा होतो, आणि माझं परतीचं तिकीट काढून झालं होतं.